गुरुजी रिटायर झाले, आता अर्ज कुणाच्या टेबलावर ठेवायचा?

काजूबी | 9 जून, रात्री 9:52

नमस्कार मंडळी. मी इथं वाचतच असते, लिहायचं धाडस क्वचित करते.

आमच्या गावात (बेळगाव जिल्हा, कर्नाटक) सरकारी मराठी शाळा आहे, पहिली ते पाचवी. पोरं 27. शिक्षक दोन होते. त्यातले मोठे गुरुजी 31 मे ला रिटायर झाले. शाल दिली, नारळ दिला, बायका रडल्या, पोरं रडली. शाळा उघडल्यापासून बाई एकट्याच पाच वर्ग सांभाळतायत. पहिली-दुसरी-तिसरी एका खोलीत नलीकलीला (खेळत शिकायचा एकत्र वर्ग), चौथी-पाचवी व्हरांड्यात. बाईंना मीटिंगचा निरोप आला की त्या दिवशी शाळा म्हणजे नुसता आहाराचा डबा.

गेल्या वर्षी मला एसडीएमसीची, म्हणजे शाळेच्या पालक समितीची, अध्यक्ष केलं. केलं म्हणजे काय, त्या दिवशी वेळेवर पोचलेली मी एकटीच होते. आता पालक माझ्या दारात येतात. मी तालुक्याच्या ऑफिसला गेले. नेमणूक आमच्या हातात नाही, जिल्ह्याला जा म्हणाले. जिल्ह्याला गेले तर बेंगळूरहून भरतीच नाही म्हणाले. आमदारांच्या माणसानं सांगितलं, ग्रामपंचायतीचा ठराव आणा. पंचायतीत म्हणतात, शाळा आमची नव्हे, पाण्याची टाकी तेवढी आमची. त्यात एका ठिकाणी मराठीतला अर्ज परत हातात दिला, कन्नडात लिहून आणा म्हणून.

गावाचं आणि तालुक्याचं नाव लिहीत नाही, बाईंना उगाच त्रास नको. मला एवढंच कुणीतरी सांगा की या खात्यात नक्की कोण काय ठरवतं. शिव्या द्यायच्या तरी कुणाला द्यायच्या हे कळलं पाहिजे ना.

तिसरं गेट | 9 जून, रात्री 10:15

ताई, शिव्या 1956 ला द्या. 1 नोव्हेंबरला आपल्याला उचलून इकडं टाकलं तेव्हापासूनचं हे दुखणं आहे. सुप्रीम कोर्टात 2004 पासून सीमाप्रश्नाचा दावा पडून आहे. मूळ प्रश्न सुटल्याशिवाय मराठी शाळेला मास्तर मिळणार नाही.

शिनोळी नाका | 9 जून, रात्री 10:31

@तिसरं गेट, दाव्याला तारीख लागेपर्यंत ती पाचवीतली पोरं बाप होतील. ताईंनी या जूनचं विचारलंय.

खडूधारी | 10 जून, सकाळी 6:20

ताई, मी सरकारी मराठी शाळांत 34 वर्षं काढली, शेवटची 11 हेडमास्तर म्हणून. सवयीनं पहाटे उठतो, म्हणून निवांत लिहितो. चहा घेऊन बसा.

तुम्हाला चार ठिकाणी फिरवलं, पण गंमत अशी की चौघंही खोटं बोलले नाहीत. आपल्या शाळेला एक मालक नाही. मास्तर एकाचा, भिंत दुसऱ्याची, भात तिसऱ्याचा, पुस्तक चौथ्याचं. आपण मात्र शाळा म्हणजे एकच वस्तू समजून जातो.

आधी मास्तरांचं बघू. तुमच्या शाळेला सगळ्यात जवळचा माणूस सीआरपी. तोही शिक्षकच असतो, आसपासच्या शाळांचा मिळून जो क्लस्टर करतात तो सांभाळतो. त्याला अधिकार काडीचा नाही, पण तालुक्याला जाणारी माहिती त्याच्याच वहीतून जाते. त्याच्यावर तालुक्याला बीईओ, म्हणजे क्षेत्र शिक्षणाधिकारी. शिक्षकाचा पगार तिथून निघतो, रजा तिथं मंजूर होते, एका शाळेतला शिक्षक तात्पुरता दुसऱ्या शाळेत पाठवायचा तर कागद तिथंच तयार होतो. बीईओंच्या वर उपसंचालक, ज्यांना आपण सगळे डीडीपीआय म्हणतो. प्राथमिक शिक्षकाची नेमणूक कागदोपत्री यांच्या सहीची. त्यांच्या वर धारवाडचे अप्पर आयुक्त, आणि सगळ्यात वर बेंगळूरला आयुक्त आणि सचिवालय.

आपल्या जिल्ह्यात एक भानगड लक्षात ठेवा. महसुली जिल्हा एक असला तरी शिक्षण खात्याचे जिल्हे दोन, बेळगाव आणि चिक्कोडी. बेळगावकडं शहर, ग्रामीण, खानापूर, बैलहोंगल, कित्तूर, सौंदत्ती, रामदुर्ग. चिक्कोडीकडं निपाणी, अथणी, कागवाड, रायबाग, मुडलगी, गोकाक, हुक्केरी आणि खुद्द चिक्कोडी. दहावीच्या निकालात चिक्कोडी वेगळा जिल्हा म्हणून छापून येतो तो याच कारणानं. शिरसी आणि मधुगिरीचंही तसंच आहे. निपाणीकडची माणसं बेळगावच्या ऑफिसात दिवस घालवून हात हलवत परत आलेली मी डोळ्यांनी बघितली आहेत.

आता सही डीडीपीआयची असली तरी माणूस त्यांच्या खिशात नसतो. किती जागा भरायच्या हे बेंगळूरला अर्थ खातं परवानगी देईल तेव्हा ठरतं. मग सीईटी म्हणजे भरतीची परीक्षा, मग यादी. बदल्यांनाही कायदा आहे, कौन्सेलिंग होतं, मास्तर कॉम्प्युटरसमोर बसून गाव निवडतो. तुमचं गाव शेवटच्या बसचं असेल तर ते कोण निवडणार, मीही निवडलं नसतं. आणि प्राथमिकच्या जागा माध्यमाप्रमाणं वेगळ्या असतात. मराठी माध्यमाच्या जागेवर मराठी माध्यमाचाच शिक्षक यायला पाहिजे. म्हणजे दोनशे कन्नड शिक्षक बदली मागत असले तरी तुमच्या 27 पोरांना त्याचा उपयोग शून्य.

पण तुमच्या हातात एक हुकमाचा पत्ता आहे. आरटीई कायद्याच्या परिशिष्टात लिहिलंय, पहिली ते पाचवीला 60 पर्यंत मुलं असली तरी दोन शिक्षक पाहिजेत. 27 पोरांना एक पुरे असं कुणी तोंडी म्हणालं तर नम्रपणे म्हणा, साहेब, एवढं लिहून द्या. कुणी लिहून देत नाही.

आणि भाषेचं. राज्यघटनेचं 350 वं कलम वाचा. गाऱ्हाणं घालायचा अर्ज राज्यात वापरात असलेल्या कुठल्याही भाषेत देता येतो. परत करणारा चूक होता. तरीसुद्धा माझा सल्ला ऐका, वर कन्नड अर्ज, खाली मराठी, दोन्ही टाचून द्या आणि इनवर्ड नंबर घेतल्याशिवाय टेबलासमोरनं हलू नका. हक्कासाठी भांडायचं असेल तर निवांत वेळी भांडू, आत्ता मास्तर पाहिजे.

निपाणीची सून | 10 जून, सकाळी 11:05

गुरुजी, नमस्कार. हात हलवत परत आलेल्यांत माझे सासरे होते बहुतेक! 😄

शिनोळी नाका | 10 जून, दुपारी 1:40

खडूधारी गुरुजींच्या लिखाणात माझी भर. माझं घर सीमेच्या पलीकडं, चंदगड तालुक्यात, बायको बेळगावची, त्यामुळं दोन्हीकडचं बघतो. आमच्याकडं शाळेच्या पाटीवरच 'जिल्हा परिषद' असतं आणि शिक्षकही जिल्हा परिषदेचा नोकर. केंद्रप्रमुख, गटशिक्षणाधिकारी, शिक्षणाधिकारी अशी चढण. तुमच्या पाटीवर 'सरकारी', आणि मास्तर थेट राज्याच्या खात्याचा.

दुसरा फरक दहावीनंतरचा. आमच्याकडं अकरावी-बारावी म्हणजे ज्युनियर कॉलेज, बऱ्याचदा हायस्कूललाच जोडलेलं. तुमच्याकडं पीयूसीचं खातंच निराळं, त्याला वेगळे उपसंचालक. मेव्हणीच्या पोरीला दहावीनंतर इकडं अकरावीला घ्यायचं होतं तेव्हा हे कळलं. पहिली भाषा 125 गुणांची, एकूण 625 हे आमच्याकडच्या क्लार्कला समजेना. तो टक्केवारी काढायला कॅल्क्युलेटर घेऊन बसला आणि प्रत्येक वेळी वेगळी काढली.

सुट्ट्याही जुळत नाहीत. तुमची मोठी सुट्टी दसऱ्याला, आमची दिवाळीला. मामाच्या गावाला जायचं कधी, ह्या प्रश्नावर सीमेसाठी बसलं तसं कुठलं महाजन कमिशन बसणार?

तिसरं गेट | 10 जून, दुपारी 2:10

हसा. पण मुद्दा टाळू नका. मराठी जागा रिकामी राहते आणि पट घसरतो. पट घसरला की उरलेली जागा जादा ठरते. दहा वर्षांनी शाळेला कुलूप. ही सोय आपोआप होते असं मला कुणी सांगू नये.

दप्तर क्र. 4 | 10 जून, रात्री 8:30

मी खात्यात कारकून आहे, कुठं ते विचारू नका. तिसरं गेट यांचं राजकारण मला कळत नाही, पण पट-जागा-पट ही साखळी त्यांनी बरोबर सांगितली. फक्त ती कन्नड शाळांनाही तशीच लागते. इंग्रजी शाळेची पिवळी गाडी गावात शिरली की कुठल्याही भाषेची सरकारी शाळा रिकामी होते. आमच्या टेबलावर 'हेच्चुवरी' म्हणजे जादा शिक्षकांची यादी येते तेव्हा त्यात दोन्हीकडची नावं असतात.

काजूबी ताई, तुमच्या कामाचं सांगतो. रिटायर झालेल्या गुरुजींची जागा रिकामी म्हणून नोंदली गेली आहे का, हे आधी बघा. हसू नका, अशा नोंदी राहून जातात. माणूस गेला, पण कागदावर बसून आहे. जोवर तो कागदावर बसलाय तोवर तुमची शाळा पूर्ण भरलेली. सीआरपींना विचारा, ते यादी दाखवतील. दुसरं, 'सॅट्स'वर, म्हणजे खात्याच्या कॉम्प्युटरवरच्या मुलांच्या नोंदीत, तुमच्या 27 च्या 27 मुलांची नावं चढली आहेत का? पहिलीच्या नव्या मुलांचं आधार किंवा जातीच्या दाखल्याचा आरडी नंबर जुळत नाही म्हणून नावं अडकून राहतात. शाळेत 27, कॉम्प्युटरवर 22 असं व्हायला वेळ लागत नाही, आणि सगळे हिशेब कॉम्प्युटरवरच्या 22 वर होतात.

तिसरं, कायम शिक्षकाची वाट बघत बसू नका. अतिथी शिक्षक मागा. सरकार जिल्ह्याला आकडा देतं, तो तालुक्यांत वाटला जातो, तालुक्यातून शाळेला. माणूस मात्र तुमचे हेडमास्तर आणि एसडीएमसी मिळून निवडतात. म्हणजे सही तुमची. इथं तुमचं अध्यक्षपद पहिल्यांदा कामाला येईल. जागा मंजूर व्हायच्या आधीच माणूस शोधून ठेवा. मंजुरी येते आणि मराठीत डीएड झालेलं कुणी मिळत नाही, मग ती जागा दुसऱ्या शाळेला जाते, हे मी दर वर्षी बघतो.

मानधन वेळेवर मिळेल असं त्या माणसाला सांगू नका. खोटं पडाल.

निपाणीची सून | 11 जून, सकाळी 10:20

मी वेगळं बोलणार आहे, राग मानू नका. मी माझ्या मुलीला मुद्दाम कन्नड माध्यमात घातलं. घरात मराठी, शाळेत कन्नड, तिला दोन्ही येतं. नाडकचेरीत, बसमध्ये, बँकेत ती बोलते आणि मी मागं उभी राहते. 2015 च्या कायद्यानं तसंही कन्नड पहिली किंवा दुसरी भाषा म्हणून सगळ्या शाळांत सक्तीचं झालंय. मराठी शाळेतल्या पोरांना ते कन्नड तरी नीट शिकवतं का कुणी?

तिसरं गेट | 11 जून, सकाळी 10:41

सक्तीनं शिकवलेली भाषा घशाखाली उतरत नाही, वहिनी.

निपाणीची सून | 11 जून, सकाळी 10:44

आमच्या शेजारणीच्या घशाखाली कन्नड सिरियल रोज उतरतात, कुणी सक्ती केली नाही.

खडूधारी | 11 जून, दुपारी 4:00

दोघांचंही खरं आहे आणि दोघंही धाग्याबाहेर चाललेत. तरी एक सांगतो, कारण हा भाग कुणी सांगत नाही.

प्राथमिक शिक्षण मातृभाषेत मिळायची सोय करावी, हे घटनेच्या 350-अ कलमात आहे, 1956 च्याच दुरुस्तीनं आलेलं. त्याच्याही आधी 1949 मध्ये प्रांतांच्या शिक्षणमंत्र्यांच्या परिषदेत आकडा ठरला होता, शाळेत 40 किंवा वर्गात 10 मुलं वेगळ्या मातृभाषेची असली की त्या भाषेचा शिक्षक द्यावा. म्हणजे मराठी शाळा ही कुणाची मेहेरबानी नव्हे. कर्नाटक सरकार पाठ्यपुस्तकं सात माध्यमांत काढतं, त्यात मराठी आहे. बेंगळूरला उर्दू आणि इतर अल्पसंख्याक भाषांच्या शाळांसाठी स्वतंत्र संचालनालयसुद्धा आहे. आपण बेळगावातली माणसं मोर्चा काढताना कधी त्याच्या पत्त्यावर एक पोस्टकार्ड टाकत नाही. काजूबी ताई, अर्जाची एक प्रत तिकडं रजिस्टरनं पाठवा.

आणि सूनबाई, कन्नड नीट शिकवलं जात नाही हे तुमचं म्हणणं मी मान्य करतो. मी स्वतः कन्नड शिकवायचो. पोरांना 'ळ' लगेच यायचा, कारण तो आपलाच, पण ऱ्हस्व 'ए' आणि दीर्घ 'ए' मधला फरक दाखवताना माझीच जीभ अडखळायची. मुंबई राज्यात स्कूल बोर्डाच्या शाळेत शिकलेल्या मास्तरांचा मी विद्यार्थी, मला कन्नड येणार कुठून. नोकरी टिकवायला परीक्षा देऊन शिकलो.

काजूबी | 19 जून, रात्री 10:05

सगळ्यांचे आभार. काय काय झालं ते सांगते.

सीआरपी सर आले. चांगले आहेत, कन्नड आहेत, मराठी समजतं. त्यांनी मोबाईलवर यादी उघडून दाखवली. दप्तर क्र. 4 भाऊ, तुमच्या तोंडात साखर पडो, गुरुजी कागदावर बसूनच होते! शाल-नारळ घेऊन घरी गेलेला माणूस यादीत अजून आमच्या पोरांना शिकवत होता. सरांनी बाईंकडून तिथल्या तिथं पत्र लिहून घेतलं. आणि सॅट्सवर पोरं 24. तीन नव्या पोरांपैकी दोघांच्या आधारवर नाव एक, जन्माच्या दाखल्यावर दुसरं. एकीचं आजीनं लाडाचं नाव घातलेलं, 'बाळी'. आता बाळीची सुभद्रा करायला तिच्या आईला पहिल्यांदा भात लावणी सोडून जावं लागलं.

कन्नड अर्ज शेजारच्या दहावीतल्या पोरानं लिहून दिला. तो वाचून दाखवताना 'खाली हुद्दे, खाली हुद्दे' म्हणाय लागला. मी म्हटलं, अरे खालच्या हुद्द्याचा मास्तर नको, हेडमास्तरांची जागा आहे. तो म्हणतो, काकू, 'खाली हुद्दे' म्हणजेच रिकामी जागा. असो. दोन्ही अर्ज टाचले, इनवर्ड नंबर घेतला. टेबलासमोरनं खरंच हलले नाही, त्यांनी शेवटी बसायला खुर्ची दिली.

जिल्हा पंचायतीच्या सदस्याला भेटा असं गावात एक जण सांगत होता. कोण आहे हो आपला सदस्य?

दप्तर क्र. 4 | 19 जून, रात्री 10:30

कुणी नाही, ताई. 2016 ला निवडून आलेल्यांची मुदत 2021 ला संपली, तेव्हापासून निवडणूकच नाही. जिल्हा पंचायत आणि तालुका पंचायत दोन्हीकडं फक्त अधिकारी आहेत. पूर्वी शिक्षणाच्या स्थायी समितीत एखादा सदस्य हात आपटून विचारायचा तरी, अमुक शाळेचं काय झालं म्हणून. आता ती खुर्ची रिकामी आहे. ग्रामपंचायतीचं मात्र एक आहे. वर्षाला 'मक्कळ ग्रामसभा' घ्यायची असते, पोरांची ग्रामसभा. तिथं चौथी-पाचवीतल्या पोरीला उभं करून विचारायला लावा, आमचे गुरुजी कुठं आहेत. इतिवृत्तात येतं ते.

शिनोळी नाका | 20 जून, सकाळी 9:00

आमच्याकडंही जिल्हा परिषदांवर बरीच वर्षं प्रशासकच बसलेले होते. या बाबतीत सीमाप्रश्न नाही.

काजूबी | 8 जुलै, रात्री 9:15

अतिथी शिक्षिकेची मंजुरी आली. कायम जागेचं अजून काही नाही.

माणूस आधीच शोधून ठेवला होता, तुम्ही सांगितल्याप्रमाणं. दोन गावं सोडून एक सून आहे, बेळगावात मराठी डीएड केलेली, लग्न झाल्यापासून घरीच. सासूला समजवायला मी आणि बाई दोघी गेलो. सासू म्हणाल्या, मानधनाचं जाऊ दे, जायचं कशानं ते सांगा. शक्ती योजनेमुळं बायकांना तिकीट लागत नाही, पण फुकटची बस यायला तर पाहिजे. सकाळची बस 8 ला, पुढची 10:40 ला. शाळा 10 ला. म्हणून ती 8 च्या बसनं येते आणि आमच्या ओसरीवर बसते. पहिल्या दिवशी तिनं बसल्या बसल्या माझ्या शेंगा फोडून दिल्या. दुसऱ्या दिवशी पाचवीतली तीन पोरं वह्या घेऊन ओसरीवरच आली. आता साडेआठला माझ्याकडं शाळा भरते, 10 ला सरकारी भरते.

काल पावसात चौथी-पाचवीच्या व्हरांड्यावरची कौलं सरकली. दोन फुटलीत, पोरं भिंतीला चिकटून बसतात. हे कुणाचं टेबल?

खडूधारी | 9 जुलै, सकाळी 6:10

भिंत आणि छप्पर जिल्हा पंचायतीकडं. इंजिनियर वेगळे, अर्ज वेगळा, इनवर्ड वेगळा. आज फोटो काढून ठेवा, त्यात तारीख दिसू दे. सविस्तर दुसऱ्या धाग्यात लिहितो. आणि तोवर दोन कौलं गावातल्या कुणाच्या गोठ्यावरची मिळतात का बघा.